सांधा कुणाच्या हाती

घाटंजी रस्त्यावरच्या एका सेवा केंद्रात मागे एकदा दुपारभर बसलो होतो. कुठल्याशा योजनेच्या नोंदणीचे शेवटचे दिवस होते. बाहेर बाकड्यावर सात-आठ कास्तकार, प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सातबारा, आधार कार्ड, बँकेचं पासबुक. आत एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र. केंद्र चालवणारा मुलगा माझा जुना विद्यार्थी. यवतमाळच्या एका संगणक वर्गात मी बरीच वर्षं एमएस-सीआयटी शिकवली, त्यातल्या शेवटच्या तुकड्यांपैकी एकीतला.

त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोंदणीची लिंक आली होती. संगणकावरच त्यानं ती दाबली. पान उघडलं. नाव भरलं, आधार क्रमांक भरला, समोरच्या म्हाताऱ्या काकांनी अंगठा ठेवला. काही होईना. काकांनी अंगठा धोतराला पुसला, पुन्हा ठेवला. यंत्र गप्पच. मग मुलानं वरच्या पट्टीतला पत्ता उचलला, दुसरा ब्राउझर उघडला, तिथे पत्ता चिकटवला आणि नाव-क्रमांक सगळं पहिल्यापासून भरलं. "थांबा जी काका, दोन मिनिटं." या वेळी यंत्राचा दिवा लागला.

"दर वेळी असंच करतोस?"

"हो ना सर. लिंक दाबली का ते त्याच्यातच उघडते. मग इकडं आणा लागते."

पडद्याच्या खालच्या कडेला त्यानं वहीचा एक कागद चिकटपट्टीनं लावला होता. डावीकडे कामांची नावं, उजवीकडे ब्राउझरची. कोणतं काम कशात चालतं याची यादी, दोन-तीन रंगांच्या पेनांनी वाढत गेलेली.

"पण लिंक कशात उघडायची हे ठरवतं कोण?" मी विचारलं.

त्याला प्रश्नच विचित्र वाटला. "काम्प्युटर," तो म्हणाला.

संगणक यातलं काहीच ठरवत नाही. कुणीतरी लिहून ठेवलेली एक ओळ तो वाचतो आणि तसं करतो. ती ओळ कुणी लिहायची, यावरून गेली तीस वर्षं भांडण चालू आहे. अमेरिकेच्या सरकारनं त्यासाठी खटला भरला, युरोपनं कोट्यवधी युरोंचा दंड केला, नामांकित कंपन्यांच्या प्रमुखांनी एकमेकांना उघडी पत्रं लिहिली. त्या भांडणाचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. मीही वर्गात कधी सांगितला नाही. आता सांगतो.

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ही गोष्ट रुळांच्या भाषेत चटकन कळेल. यवतमाळची शकुंतला रेल्वे ज्यांनी पाहिली, त्यांना मूर्तिजापूर आठवतं. तिथून या छोट्या रुळांच्या दोन वाटा फुटत: एक अचलपूरकडे, दुसरी दारव्ह्यावरून यवतमाळकडे. गाडी कोणत्या वाटेनं जाणार हे इंजिनाच्या हाती नसतं. रूळ जिथे दुभंगतात तिथे सांधा असतो, आणि सांधेवाला दांडा ओढून तो बदलतो. डब्यातल्या प्रवाशाला त्याचा पत्ताही नसतो. याच रेल्वेची आणखी एक विचार करण्यासारखी गोष्ट: स्वातंत्र्यानंतरही रुळांची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली आणि गाड्या मात्र भारतीय रेल्वे चालवत राहिली. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, प्रवासी तिसराच. संगणकावर लिंक उघडते तेव्हा नेमकी हीच तीन माणसं असतात. यंत्रावरची मूळ प्रणाली, म्हणजे विंडोज, मॅक किंवा लिनक्स, हे रूळ. ब्राउझर ही गाडी. आणि प्रवासी आपण.

कोणत्याही लिंकचा पत्ता डावीकडून वाचा. आधी एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस ही अक्षरं, मग विसर्गासारखे एकावर एक दोन ठिपके. त्या ठिपक्यांआधीचा शब्द म्हणजे गाडीवरची पाटी. तिथे 'मेलटू' असेल तर ती ईमेलची लिंक, 'टेल' असेल तर फोनची. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपमध्ये किंवा एखाद्या पीडीएफमध्ये लिंक दाबता तेव्हा तो प्रोग्राम पान स्वतः उघडत नाही. तो पत्ता मूळ प्रणालीच्या हवाली करतो. प्रणाली पाटी वाचते, आपल्या नोंदवहीत त्या शब्दापुढे कोणत्या प्रोग्रामचं नाव आहे ते बघते आणि पत्ता त्याच्याकडे सोपवते. अर्ध्या सेकंदाचं काम. ती नोंद म्हणजे सांधा.

अशा नोंदी वेबच्या आधीपासून आहेत. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ईमेलमधून चित्र, आवाज, निरनिराळ्या लिप्यांतला मजकूर पाठवण्याची 'माइम' ही पद्धत मांडली. लगेच प्रश्न आला की पत्रातून चित्र आलं तर ते उघडायचं कशात? बोरेनस्टाइननं त्यासाठी 'मेलकॅप' नावाची साधी फाइल सुचवली. एका ओळीत डावीकडे वस्तूचा प्रकार, मध्ये अर्धविराम, उजवीकडे प्रोग्राम. घाटंजी रस्त्यावरच्या त्या वहीच्या कागदाची मांडणी हुबेहूब हीच होती. या फाइलचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. यंत्राची एक सामाईक फाइल असे आणि प्रत्येकाला आपली स्वतःचीही ठेवता येई. दोन्हींत वेगळं लिहिलं असेल तर माणसाची फाइल आधी वाचली जाई. साध्या मजकुराची फाइल, कुणीही उघडावी, कुणीही बदलावी. पुढचा सगळा झगडा हा नियम मोडल्याचा आणि पुन्हा बसवण्याचा आहे.

डिसेंबर १९९४ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्त्याची रचना रीतसर प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मॅकिंटॉशवर पीटर लुइस आणि क्विन या दोघांनी 'इंटरनेट कॉन्फिग' हा छोटा प्रोग्राम काढला. तोवर प्रत्येक प्रोग्राममध्ये आपला ईमेल पत्ता, आपला ब्राउझर, सगळं पुन्हापुन्हा भरावं लागे. या दोघांनी म्हटलं, हे एकाच जागी लिहा आणि सगळ्यांनी तिथून वाचा. त्यांनी तो प्रोग्राम कुणाच्याही मालकीचा न ठेवता सर्वांना मोकळा करून दिला. दुसऱ्यांचे प्रोग्रामही त्यातूनच वाचू लागले, आणि पुढे अ‍ॅपलनं तीच कल्पना आपल्या प्रणालीत घेतली.

मग १९९५ चा ऑगस्ट आला. ९ तारखेला नेटस्केप या ब्राउझर कंपनीचे शेअर अमेरिकेच्या बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी उसळी मारली. १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आधी मोठ्या शहरांत. २४ ऑगस्टला विंडोज ९५ आलं. तिन्ही गोष्टी पंधरवड्यात घडल्या. विंडोज ९५ मध्ये प्रणालीच्या नोंदी 'रेजिस्ट्री' नावाच्या एका भल्यामोठ्या वहीत ठेवलेल्या होत्या. तिच्यात 'एचटीटीपी' नावाचं पान, त्यात 'शेल', त्यात 'ओपन', त्यात 'कमांड', आणि त्या कमांडसमोर ब्राउझरचा ठावठिकाणा. चार पायऱ्या उतरलं की सांध्याचा दांडा हाती येत असे. ज्याला या पायऱ्या माहीत होत्या तो, म्हणजे बसवला जाणारा कोणताही प्रोग्राम, तिथे आपलं नाव लिहून मोकळा होई. नेटस्केप बसवलं की तिथे नेटस्केपचं नाव, मायक्रोसॉफ्टचं इंटरनेट एक्स्प्लोरर बसवलं की एक्स्प्लोररचं. सुरू होताच 'मी तुमचा डिफॉल्ट ब्राउझर नाही, मला करता का?' असं विचारणारी चौकट याच काळातली.

नेटस्केप कंपनीकडे गाडी होती. मायक्रोसॉफ्टकडे गाडीही होती आणि रूळही होते. जून १९९८ मध्ये विंडोज ९८ आलं तेव्हा इंटरनेट एक्स्प्लोरर प्रणालीतच विणलेला होता, काढून टाकायची सोय ठेवलेली नव्हती. त्याच्या महिनाभर आधी, १८ मे १९९८ रोजी, अमेरिकेचं न्याय खातं आणि वीस राज्यं यांनी मायक्रोसॉफ्टवर मक्तेदारीचा खटला दाखल केला होता. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी ५ नोव्हेंबर १९९९ रोजी खटल्यातली तथ्यं नोंदवली, त्यात आपल्या विषयाची एक नोंद आहे. वापरणाऱ्यानं नेटस्केपला डिफॉल्ट ठरवलं असलं तरी विंडोज ९८ काही प्रसंगी त्याची निवड बाजूला सारून एक्स्प्लोररच उघडतं, असं त्यांनी लिहिलं. माणसानं दांडा ओढलेला असताना सांधा परस्पर बदलला जातो, हे न्यायालयाच्या कागदावर आलं.

जून २००० मध्ये जॅक्सन यांनी कंपनीचे दोन भाग करण्याचा हुकूम दिला. अपील न्यायालयानं २८ जून २००१ रोजी तो रद्द केला. मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका मात्र कायम राहिला. एक्स्प्लोरर काढून टाकण्याची सोय न ठेवणं आणि त्याचा कोड प्रणालीत मिसळणं, या दोन्ही गोष्टी गैर ठरल्या. पण वापरणाऱ्याची निवड डावलण्याच्या मुद्द्यावर कंपनी सुटली. त्यामागे तांत्रिक कारणं आहेत असं कंपनीनं सांगितलं होतं आणि सरकारी पक्षानं ती खोडून काढली नव्हती. इतिहासात अशा बारीक फटी महाग पडतात. पुढे वीस-बावीस वर्षांनी हाच मुद्दा पुन्हा डोकं वर काढणार होता.

नंतर तडजोड झाली आणि सप्टेंबर २००२ मध्ये विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर स्टार्ट मेनूत एक नवी चौकट आली, 'सेट प्रोग्राम अ‍ॅक्सेस अँड डिफॉल्ट्स' नावाची. ब्राउझर कोणता, ईमेलचा प्रोग्राम कोणता, हे तिथे ठरवता येऊ लागलं. वॉशिंग्टनच्या खटल्याचं हे फळ यवतमाळच्या संगणकांवरही आलं होतं. पण ते कशासाठी आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्ही कुणाला सांगितलं नाही.

आमच्याकडे तेव्हा वेगळंच सुरू होतं. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगाव निघाले. पुसद, वणी, उमरखेड, दारव्हा, पांढरकवडा, कुठेही जा, बसस्टँडजवळ एक तरी पाटी दिसायची. सरकारी नोकरीसाठी हा अभ्यासक्रम लागू लागला तशी शिक्षक, तलाठी, लिपिक, सगळेच येऊन बसू लागले. पडद्यावर एक्स्प्लोररचा निळा 'ई' दिसायचा. 'इंटरनेट उघडा' म्हटलं की सगळे त्यावर दोनदा क्लिक करायचे. ब्राउझर हा शब्द पुस्तकात होता, बोलण्यात नव्हता. निळा ई म्हणजेच इंटरनेट, असं शेकडो मुलांच्या मनात बसलं. ते मी बसवलं.

त्या काळात दुसरा ब्राउझर वापरणंही सोपं नव्हतं, आणि त्याचं कारण आपली भाषा होती. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधी मराठी मजकूर संगणकावर खास फॉन्टच्या आधारानं उभा असे. आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक आणि वर देवनागरीचा पोशाख. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, प्रत्येकाची क्रमवारी वेगळी. तो विशिष्ट फॉन्ट यंत्रावर नसेल तर बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा भुसा दिसायचा. एक्स्प्लोररच्या चौथ्या आवृत्तीत, १९९७ मध्ये, पानाबरोबर फॉन्ट आपोआप उतरवण्याची सोय आली. नेटस्केपनं त्यासाठी वेगळी, न जुळणारी पद्धत घेतली होती. भारतीय भाषांतल्या अनेक संकेतस्थळांनी एक्स्प्लोररची वाट धरली. परिणाम असा की तीच लिंक निळ्या ईमध्ये उघडली तर मराठी आणि दुसरीकडे उघडली तर भुसा. सांध्याचा दांडा कागदोपत्री आमच्या हातात होता, पण दुसऱ्या वाटेवर रूळच टाकलेले नव्हते.

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला. नेटस्केपनं १९९८ साली आपला कोड जगाला खुला केला, त्या राखेतून उभा राहिलेला ब्राउझर. आमच्या वर्गातल्या एका मुलानं तो सीडीवरून आणून बसवला, डिफॉल्ट केला. दुसऱ्या दिवशी एक शिक्षिका घाबऱ्याघुबऱ्या माझ्याकडे आल्या: "सर, संगणकाला व्हायरस लागला, मराठीचं सगळं वाकडंतिकडं दिसून राहिलं." मी तो ब्राउझर काढून टाकला. त्या मुलाचा पडलेला चेहरा अजून आठवतो.

सुटका झाली ती युनिकोडमुळे. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा आधार आला आणि त्यासोबत 'मंगल' हा फॉन्ट आला. तो घडवला होता मराठी कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. एक्सपीत मात्र देवनागरी नीट दिसावी म्हणून भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करावी लागे, आणि मग प्रणाली मूळ सीडी मागे. ती सीडी जपून ठेवलेला माणूस गावात एखादाच असायचा. मी ती बॅगेत घालून या वर्गातून त्या वर्गात, या कचेरीतून त्या कचेरीत फिरलो आहे. खूण केली, सीडी फिरली, यंत्र पुन्हा सुरू झालं की पडद्यावर जोडाक्षरं जागेवर बसलेली दिसायची. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशाच यंत्रांवर वाचला गेला. हळूहळू वर्तमानपत्रंही युनिकोडवर आली. मग लिंक एक्स्प्लोररमध्ये उघडो, फायरफॉक्समध्ये उघडो किंवा सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोममध्ये, मराठी सगळीकडे मराठीच दिसू लागली. सांधा बदलायला अर्थ आला तो तेव्हा.

इकडे युरोपात दुसरा अंक सुरू झाला होता. डिसेंबर २००७ मध्ये नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीनं युरोपीय आयोगाकडे मायक्रोसॉफ्टविरुद्ध तक्रार केली. दोन वर्षांनी, १६ डिसेंबर २००९ रोजी, मायक्रोसॉफ्टनं मान्य केलेली अट आयोगानं बंधनकारक केली: युरोपातल्या विंडोजवर निवडीचा पडदा दाखवायचा, त्यावर बारा ब्राउझर मांडायचे आणि माणसाला निवडू द्यायचं. मार्च २०१० पासून तो पडदा दिसू लागला. क्रमाचा पक्षपात होऊ नये म्हणून नावं दर वेळी पिसायची होती. पण पिसण्याचा कोड चुकीचा लिहिलेला होता, त्यामुळे काही जागांवर काहीच नावं जास्त वेळा येत. रॉब वियर नावाच्या संगणकतज्ज्ञानं आकडे मांडून ते दाखवून दिलं आणि कंपनीनं तो कोड सुधारला. पुढे विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅकबरोबर हा पडदाच गायब झाला. मे २०११ ते जुलै २०१२, चौदा महिने, दीड कोटी लोकांना तो दिसलाच नाही. कंपनीनं ती तांत्रिक चूक असल्याचं सांगितलं. आयोगानं ६ मार्च २०१३ रोजी ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला.

पॅरिसच्या किंवा बर्लिनच्या माणसाला बारा नावं दिसली. पांढरकवड्याच्या माणसाला एकही नाही. प्रणाली तीच, कंपनी तीच. मागणारं कुणी होतं तिथे मिळालं.

हा इतिहास एका कंपनीच्या हावरेपणाचा म्हणून सांगणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. सांधा सगळ्यांना उघडा ठेवल्यावर काय होतं ते आम्ही सायबर कॅफेंत पाहिलं आहे. गाणी उतरवायला कुणी एखादा फुकट प्रोग्राम घेतला की त्याच्यासोबत न मागितलेले टूलबार यायचे, सुरुवातीचं पान बदलायचं, डिफॉल्ट ब्राउझर कुणाच्या तरी घशात जायचा. काही तर नोंद पुन्हा बदलली तरी रात्रीतून आपलं नाव लिहून ठेवत. दांडा वाटेत पडलेला असेल तर चोरही तो ओढणार. म्हणून २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टानं प्रत्येक माणसाची निवड वेगळ्या जागी, 'यूजर चॉइस' नावाच्या नोंदीत ठेवली. २०१२ मधल्या विंडोज ८ नं त्या नोंदीवर कुलूप घातलं: निवडीशेजारी एक गुप्त गणिती मोहोर उमटवायची, मोहोर जुळली नाही तर ती नोंद मानायची नाही. आता कोणताही प्रोग्राम परस्पर आपलं नाव लिहू शकत नव्हता. माणसानं सेटिंगमध्ये जाऊन स्वतः निवडावं लागे.

चोरापासून बचाव झाला, पण किल्ली रूळवाल्याच्याच कनवटीला राहिली. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आलं. जुन्या विंडोजवरून त्यावर जाताना नेहमीच्या झटपट वाटेनं गेलं की डिफॉल्ट ब्राउझर बदलून मायक्रोसॉफ्टचा नवा 'एज' होत असे. दुसऱ्याच दिवशी फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बियर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांना उघडं पत्र लिहून लोकांची आधीची निवड पुसली जात असल्याची तक्रार केली. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा ब्राउझर बदलायचा तर एचटीटीपी वेगळं, एचटीटीपीएस वेगळं, एचटीएमएल फाइल वेगळी, एकेक नोंद स्वतंत्रपणे बदलावी लागे. टीका झाल्यावर मार्च २०२२ मध्ये एका बटणाची सोय पुन्हा आली. शिवाय विंडोजच्या शोधपट्टीतून उघडणाऱ्या लिंकांवर एचटीटीपीऐवजी 'मायक्रोसॉफ्ट-एज' अशी पाटी असे. पाटीच वेगळी म्हटल्यावर तुमची निवड तिथे लागूच होईना. ती पाटी खोडून लिंक तुमच्या ब्राउझरकडे वळवणारा 'एजडिफ्लेक्टर' नावाचा छोटा प्रोग्राम २०१७ पासून होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ती वाटही बुजवली गेली. २००१ च्या निकालात उरलेली फट ती हीच. मार्च २०२४ पासून युरोपच्या डिजिटल बाजारपेठ कायद्याच्या अटी मोठ्या कंपन्यांना लागू झाल्या आणि युरोपापुरतं विंडोजनं या लिंकांनाही माणसाची निवड लावायला सुरुवात केली.

रूळ सगळ्यांच्या मालकीचे असले तर काय होतं, ते लिनक्सवर दिसतं. २००० मध्ये हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप हा उपक्रम सुरू केला, लिनक्सच्या वेगवेगळ्या डेस्कटॉपांनी समान नियम पाळावेत म्हणून. आज तिथे घरच्या फोल्डरात 'माइमअ‍ॅप्स' नावाची साध्या मजकुराची यादी असते. डावीकडे पाटी, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे ब्राउझर. माणसाची यादी आधी, यंत्राची नंतर. १९९२ च्या मेलकॅपचीच ही नात. सी-डॅकनं भारतीय भाषांसाठी काढलेलं बॉस हे लिनक्सही याच कुळातलं.

आणि तरीही घाटंजी रस्त्यावरच्या त्या मुलाला दोन ब्राउझर का लागत होते? कारण सांधा मोकळा झाला तरी काही स्थानकं एकाच वाटेवर बांधलेली राहिली. सरकारी कामं वेबवर आली तसे डिजिटल सहीचे टोकन आले, ठशांची यंत्रं आली. यूएसबीला लावलेल्या त्या वस्तूशी पानाला बोलायचं तर आधी अ‍ॅक्टिव्हएक्स किंवा जावाचा तुकडा ब्राउझरमध्ये घालावा लागे. पहिला फक्त एक्स्प्लोररमध्ये चाले. दुसऱ्याचा आधार क्रोमनं सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सनं मार्च २०१७ मध्ये सुरक्षेसाठी काढून टाकला. म्हणून गावोगावच्या केंद्रांत आणि कचेऱ्यांत एक जुना ब्राउझर सहीपुरता, एक नवा बाकी कामांपुरता, असा दुहेरी संसार सुरू झाला. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनं एक्स्प्लोररला निवृत्त केलं. तरी एजच्या पोटात 'आयई मोड' ठेवावा लागला, कारण जगभरच्या कचेऱ्यांची जुनी पानं त्याच्याशिवाय उघडत नव्हती.

ज्यानं एकाच ब्राउझरसाठी पान बांधलं त्यानं लाखो लोकांचा सांधा दुरून जखडून ठेवला, हे मला ठामपणे म्हणायचं आहे. फॉन्टच्या काळात तसं झालं, सहीच्या काळात तसं झालं. न्यायालयं दांडा हातात देऊ शकतात. पुढची वाट मोकळी होते ती सामाईक नियमांनी, मंगल फॉन्टसारख्या कामांनी आणि पान बांधणाऱ्याच्या प्रामाणिकपणानं. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, २०११ च्या जनगणनेप्रमाणे पावणेअठ्ठावीस लाख माणसं. त्यांच्यातल्या पुष्कळांसाठी सरकारचं दार म्हणजे असं एखादं दहा बाय बाराचं केंद्र. तिथे लिंक चुकीच्या जागी उघडली तर अडतो तो रोजी बुडवून आलेला माणूस.

त्या दुपारी गर्दी ओसरल्यावर मी मुलाला म्हटलं, सेटिंग उघड. माऊस त्याच्याच हातात ठेवला. 'अ‍ॅप्स', मग 'डिफॉल्ट अ‍ॅप्स', मग ब्राउझरचं नाव, मग वरचं बटण. चार पायऱ्या, रेजिस्ट्रीच्या पायऱ्यांइतक्याच. नंतर त्यानं ग्रुपवरची तीच लिंक पुन्हा दाबली. पान यंत्र ओळखणाऱ्या ब्राउझरमध्येच उघडलं. तो काही क्षण पडद्याकडे बघत राहिला.

"एवढंच होतं? मग हे क्लासमध्ये काऊन नाही सांगितलं, सर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तकात नव्हतं, हे खरं कारण होतं, पण ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं. त्यानं पेन उचललं आणि चिकटवलेल्या कागदावरच्या ओळी एकेक करून तपासायला लागला. पाच ओळींवर काट मारली. तीन ओळी तशाच राहिल्या, कारण ती पानं अजूनही जुन्याच वाटेनं जातात. मग त्यानं दाराकडे मान वळवून पुढच्या काकांना हाक मारली.